पंडरीचा थांबा बंद

मंदाकिनी हिशीकरला आयुष्यात दोन गोष्टी झकास जमल्या. एक, दुसऱ्याला संशय घ्यायला शिकवणं. दुसरी, स्वतः तोंड बंद ठेवणं. या गुणांवर घर चालत नाही, सरकार मात्र चालतं. छत्तीसगड नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा कॉम्प्युटर येणारी माणसं सरकारला हवीच होती. रायपूरच्या मराठी वस्तीतली, तात्यापाऱ्यातली ही पोट्टी एका संचालनालयात लागली ती लागलीच. कोणतं संचालनालय ते विचारू नका बुवा. मी सांगितलं तर बाई माझ्यामागेच चौकशी लावेल.

तिथंच वाढत वाढत ती माहिती सुरक्षा कक्षाची प्रमुख झाली. कोणता कागद लोकांना दाखवायचा, कोणता झाकायचा, कोणती फाइल कोणी उघडायची, पासवर्ड कसा सांभाळायचा, हे सगळं धोरण तिच्या हातचं. लग्न एकदा जमत आलं होतं. भिलाईचा मुलगा होता, चांगला होता. त्यानं विचारलं, ऑफिसात तुम्ही नेमकं काय करता? ही म्हणाली, सांगता येत नाही. मुलाकडच्यांनी काय समजायचं ते समजलं आणि चिवडा-लाडू खाऊन निघून गेले. आता बोला!

पुढे आईवडील गेले. भाऊ सुशील बंगळूरला, तो दिवाळीला फोन करतो आणि बायकोच्या हाती देतो. कचेरी शहरातून उठून नव्या रायपूरला गेली तशी मंदाकिनीही तिकडच्या सरकारी फ्लॅटात राहायला गेली. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर फोनच करावा लागतो. आणि मुळात पलीकडे माणूस नसतोच. संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहायची, खालचे दिवे लागलेले बघायची आणि आत येऊन खिचडी टाकायची. एकटेपणाचं तिला दुःख होतं, चांगलं ठसठसणारं होतं, पण ते कोणाला सांगायचं नाही ही तिची सवय होती.

बोलायची तिची एकच वेळ होती, दुपारच्या डब्याची. आणि माणूसही एकच, नरहरी बोकडे.

नरहरीभाऊ गोपनीय शाखेचे कक्ष अधिकारी. मूळचे हिंगणघाटकडचे. वडील रेल्वेत होते, म्हणून घर स्टेशनापलीकडच्या गुढियारीला. नाकासमोर चालणारा माणूस. मोठमोठ्या चौकशांच्या फाइली त्यांच्या कपाटात असायच्या, पण बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं की आपला नवरा कोणत्या मजल्यावर बसतो. नव्या राज्याच्या पहिल्या दिवसांत, जेव्हा कचेरीत टेबलं कमी आणि माणसं जास्त होती, तेव्हा या दोघांना एक टेबल वाटून घ्यावं लागलं. तेव्हापासून डबा सोबत. टेबलं पुढे वेगळी झाली, मजले वेगळे झाले, पण दुपारी नरहरीभाऊ डबा घेऊन तिच्या खोलीत यायचेच. वर्तमानपत्र अंथरायचे, डब्याचं झाकण उलटं करून तिच्यापुढे सरकवायचे आणि त्यावर भाजी वाढायचे.

"घ्या ताई. शेवंतानं तिवऱ्याच्या पाल्याची भाजी केली. मले म्हने, ताईले पहिले द्या, मंग तुमी खा. मी काय, घरचा नोकर!"

चारचौघांत ते तिला 'मॅडम' म्हणत आणि हिंदीत बोलत. दार ओढलं की 'ताई', आणि मराठी. तिच्या दिवसातली सगळी मराठी त्या अर्ध्या तासात असायची. कक्षात निधी नावाची मुलगी होती, तीही मराठीच, पण तिला "जेवलीस का गं?" विचारलं तर ती म्हणणार, "हाँ मैम, हो गया." समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. हल्लीच्या पोट्ट्या अशाच, त्यांना काय बोलायचं!

नरहरीभाऊ कचेरीतलं काही बोलत नसत. तशी रीतच नव्हती. ते बोलायचे बाकी जगाचं. गोल बाजारात पितळेचं पातेलं घ्यायला गेले आणि शेवंतानं दुकानदाराला कसं रडकुंडीला आणलं. गुढियारीत मालधक्क्यावर ट्रक कसे आडवे लागतात. आणि सगळ्यात जास्त, शहरातून कचेरीत नेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बसचं. मंदाकिनी काही बसनं येत नव्हती, तिला बसचं काय कळणार? पण नरहरीभाऊंमुळे तिला पंडरीचा थांबा घरच्या अंगणासारखा माहीत झाला होता. बस पंडरीला कुठं थांबते, ड्रायव्हर कसा थांबल्यासारखं करून पुढे काढतो, उन्हात सावलीसाठी लोक कोणत्या कापडवाल्याच्या छताखाली दाटीनं उभे राहतात, थांबा हलवायची आवई दर उन्हाळ्यात कशी उठते. नरहरीभाऊंचा गुडघा दुखायचा, त्यामुळे थांबा हा त्यांच्या जिवाचा विषय होता.

"पंडरीचा थांबा हलवला ना ताई, तं मी नोकरी सोडतो, सांगून ठेवतो," असं ते म्हणायचे. ती हसायची.

आता तिचं ते प्रसिद्ध धोरण. काही वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्यानं बक्षिसाच्या खोट्या मेलला भुलून पासवर्ड दिला आणि तक्रार करणाऱ्यांची नावं बाहेर गेली. त्यात एक शाळामास्तरीण होती. तिच्या घरावर दगड पडले. मंदाकिनी स्वतः त्या बाईला भेटून आली आणि आल्यावर जेवली नाही. त्यानंतर तिनं नियम लिहिले. वर्षातून कधीही, न सांगता, कर्मचाऱ्यांना खोटी मेल पाठवून चाचणी घ्यायची. जो पासवर्ड देईल त्याचं नाव फलकावर लागेल, आणि तो गोपनीय कामातून बाहेर. अपवाद नाही. चाचणीचं कोणालाही सांगायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही. आणि निकाल थेट संचालकांकडे जाईल, मधे कोणी हात घालू शकणार नाही, खुद्द तीही नाही. हे शेवटचं तिनं मुद्दाम घातलं होतं. स्वतःवरही भरवसा नाही, घ्या!

त्यात एक कलम मात्र माणुसकीचं होतं. शंका आली तर ज्याला कळतं त्याला समोरासमोर विचारा. प्रशिक्षणात ती हे घसा सुकेपर्यंत सांगायची. "पूछने वाला कभी नहीं फँसता." हे वाक्य तिनं भिंतीवर लावलं होतं.

चाचण्या चालू राहिल्या आणि लोक शहाणे झाले. लॉटरीची मेल आली की हसायचे, बँकेची आली की एकमेकांना दाखवायचे. संचालक वैतागले. "मैडम, सब पास हो रहे हैं. ऐसी परीक्षा किस काम की?" म्हणजे माणसं नापास झाली पाहिजेत, तेव्हा यांना समाधान! पण मंदाकिनीला ते लागलं. तिनं म्हटलं, या वेळची मेल मी स्वतः लिहिते.

तिनं विचार केला, या लोकांना खरंच कशाची काळजी असते? आणि तिच्या बोटांनी आपोआप लिहिलं: सोमवारपासून पंडरीचा थांबा बंद. रुंदीकरणामुळे बस आता पुढे थांबेल, नवा पास काढण्यासाठी कर्मचारी क्रमांक आणि पासवर्ड भरा. त्यात तिनं कापडवाल्याच्या छताचा उल्लेख घातला, ड्रायव्हर न थांबता जातो अशा तक्रारी आल्याचं घातलं. वाचणाऱ्याला वाटावं, हे लिहिणारा रोज त्या थांब्यावर उभा राहतो. मेल फारच छान उतरली. कोणाचं बोलणं उचलून आपण ती लिहिली, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही. विश्वास ठेवा, खरंच नाही आलं. हुशार माणसाचं असंच होतं, आपल्या हुशारीकडे बघता बघता बाकीचं दिसतच नाही.

मेल सकाळी गेली. दुपारी नरहरीभाऊ डबा घेऊन आले. वर्तमानपत्र अंथरलं, झाकण सरकवलं, त्यावर झुणका वाढला. स्वतः मात्र जेवेनात.

"ताई, एक पुसू का? बसची मेल आली. पंडरीचा थांबा बंद करून राहिले म्हने. पासवर्ड मागते. खरी हाय का हो ते?"

मंदाकिनीनं घास परत झाकणावर ठेवला. हा माणूस नेमकं तेच करत होता जे तिनं सगळ्यांना शिकवलं. शंका आली, आणि ज्याला कळतं त्याला समोर बसून विचारत होता. तिनं "शहानिशेसाठी माझ्या कक्षाकडे पाठवा" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तेवढं म्हणणं म्हणजे चाचणी आहे हे सांगणंच. आणि चाचणीचं कोणाला सांगायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही. नियम कोणाचा? तिचाच. शिवाय मनात आलं, की इतकी वर्षं माझ्यासमोर बसून जेवणारा माणूस पासवर्ड थोडाच देईल. बघेल आणि सोडून देईल.

"असेल खरी," ती म्हणाली. "परिवहनवाल्यांची असेल. मला बसचं काय कळतं नरहरीभाऊ?"

"तुमी म्हनता तं असन," असं म्हणून ते जेवायला लागले. झुणक्यात मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी शेवंताला दोन शिव्या हासडल्या. मंदाकिनी हसली. 

दुसऱ्या दिवशी निधी आली. "मैम, खोला तो बहुतों ने. पासवर्ड सिर्फ एक ने दिया है." आणि तिनं नाव सांगितलं.

मंदाकिनीनं विचारलं, निकाल साहेबांकडे गेला का? निधी म्हणाली, "वो तो अपने आप जाता है ना मैम. आप ही ने तो बनाया है." पोरीला बिचारीला काय माहीत, ती काय बोलतेय ते.

तिसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत चौकशी झाली. साहेब, मंदाकिनी आणि समोर नरहरीभाऊ, इतकेच लोक. नरहरीभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशातलं पेन काढून हातात धरलं होतं.

"बोकडे जी, आप तो पुराने आदमी हैं. आपने भरने से पहले किसी से पूछा नहीं?"

खोलीत पंखा फिरत होता.  आता हे सांगणार, मंदाकिनीला वाटलं. आणि सांगू देत, तिला असंही वाटलं, सांगितलं तर सुटेन. नरहरीभाऊंनी तिच्याकडे बघितलं नाही. साहेबांच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत ते म्हणाले, "नहीं साहब. किसी से नहीं पूछा. गलती मेरी है."

ती बोलू शकत होती. तोंड होतं, जीभ होती, भाषा होती. पण बाई मूग गिळून बसली. का? साहेबांसमोर चाचणी मोडल्यासारखी होईल म्हणून. इतक्या वर्षांची सवय म्हणून. आणि खरं सांगायचं तर भ्यायली म्हणून. राज्यपातळीवरच्या मोठ्या पदासाठी तिचं नाव गेलं होतं, आणि ते त्या क्षणी तिला आठवलं. आठवलं म्हणून पुढे तिला स्वतःची किळस आली, पण आठवलं हे खरं.

साहेबांनी कलम वाचून दाखवलं आणि म्हणाले, "नियम मैडम का है, मैं क्या करूँ." नाव फलकावर लागलं. नरहरीभाऊंची बदली गुढियारीतल्या जुन्या कागदांच्या गोदामात झाली. लोक म्हणाले, बरंच झालं, घराजवळ आलात, बसची कटकट मिटली. पण तसं तोंडावर म्हणायचे. पाठीमागे वेगळंच. गोल बाजारात एकानं त्यांना हटकलंच, "क्या भैया, सुना फाइल बेच दी?" ज्या माणसानं आयुष्यभर बायकोला आपला मजला सांगितला नाही, त्याला हे ऐकावं लागलं. बाजारातून ते पिशवी रिकामीच घेऊन परत आले, असं मागाहून मंदाकिनीच्या कानावर आलं.

जाताना ते तिच्या खोलीत आले नाहीत. वाटलं होतं येतील, भांडतील, 'काहून केलं असं?' विचारतील. तिनं त्याची तयारीही केली होती. ते आलेच नाहीत.

मग दुपारी ती एकटी जेवायला लागली. पहिल्या दिवशी तिनं सवयीनं वर्तमानपत्र अंथरलं आणि मग दार लावून घेऊन पोटभर रडली. पुढे वर्तमानपत्र अंथरणं सोडलं. एकदा ती कँटीनमध्ये जाऊन बसली, तर शेजारच्या टेबलावरची मंडळी बोलायची थांबली. मॅडम आल्या म्हणजे काहीतरी तपासायलाच आल्या असणार! पोरंसोरं ताटं उचलून गेली. संध्याकाळी फ्लॅटवर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज आपण मराठीत एक शब्द बोललो नाही. कालही नाही. तिनं कुकरला म्हटलं, "हो रे बाबा, बंद करते." आणि आपल्याच आवाजाला दचकली. सुशीलला फोन लावला, त्यानं विचारलं, "काय गं, सगळं बरं ना?" ती म्हणाली, बरं आहे. तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, मग करतो. त्यानं काही केला नाही.

महिना गेला, दुसराही निम्मा गेला. एक दिवस नव्या भरतीच्या पोरांना ती शिकवत होती आणि सवयीनं म्हणाली, "पूछने वाला कभी नहीं फँसता." एका मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. मंदाकिनीनं वर्ग तिथंच थांबवला, बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि सरळ संचालकांच्या खोलीत गेली.

तिनं सगळं सांगितलं. बोकडेंनी विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. ते पास आहेत, मी नापास आहे.

साहेबांनी ऐकलं आणि काय केलं माहीत आहे? खूश झाले! "वाह मैडम. इतने पुराने साथी को भी नहीं बताया? यही तो चाहिए. ये तो मैं ट्रेनिंग में सुनाऊँगा." मंदाकिनीला वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. ती म्हणाली, "सर, मैं लिखकर दे रही हूँ. बोकडे जी का आदेश रद्द कीजिए."

लिहून म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उतरला. लिहून आलं म्हणजे चाचणीच बाद. वर पाठवलेला अहवाल खोटा. "सोच लीजिए. आपका नाम ऊपर गया हुआ है." ती म्हणाली, सोच लिया. आणि तिथंच उभ्या उभ्या लिहून दिलं. चाचणी बाद झाली, तिला कडक शब्दांत समज मिळाली, मोठं पद भोपाळहून आलेल्या कोणा दुसऱ्याला गेलं. आणि नरहरी बोकडे यांना सन्मानानं मूळ जागी परत घ्यावं, असा आदेश निघाला.

आदेश रीतीनं सोमवारी पोचणार होता. हिला कुठला दम! शनिवारी सुट्टी, ती त्याची प्रत पर्समध्ये घालून निघाली. सिटी बसनं पंडरीला उतरून ऑटो केली आणि गुढियारी गाठली. वाटेत तिनं मनात सगळी वाक्यं जुळवली होती. आधी माफी मागायची, मग आदेश द्यायचा, मग म्हणायचं, सोमवारी डबा मी आणते. नरहरीभाऊ परत येतील, एवढं एकच तिला हवं होतं. पद गेल्याचं तिला काही वाटत नव्हतं, अगदी आईशप्पथ.

दार शेवंताबाईंनी उघडलं. "अवं माय, ताई! या या, बसा. किती दिसानं!" त्यांनी खुर्ची पुसली, पाणी आणलं. आतून नरहरीभाऊ आले. थोडे वाळले होते.

"आइए मैडम," ते म्हणाले. "बैठिए."

 स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोसमोर, हा माणूस तिच्याशी हिंदीत बोलत होता.

शेवंताबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांना मन मोकळं करायला माणूस मिळालं होतं. "ताई, बरं झालं तुमी आल्या. मले याहिचा लय राग येते, सांगून ठेवतो. जिनगीभर तुमच्यासंग डबा खाल्ला, अन् नेमकं त्याच दिवशी तुमाले पुसलं नाही! म्या म्हनलं, अवो, ताई समोर बसून होत्या, एक शबूद टाकाले काय झालं होतं? ताईनं तुमाले वाचवलं असतं. तं हे आपले चूप. तुमीच सांगा, काहून नाही पुसलं याहिनं?"

"शेवंता, चहा ठेव," नरहरीभाऊ म्हणाले.

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. साहेबांसमोर तर नाहीच, पण दीड महिना बायकोची बोलणी खात बसले आणि तरीही नाही. मंदाकिनीची जुळवलेली वाक्यं सगळी विरून गेली.

"वहिनी, त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "मला विचारलं होतं. मी म्हटलं, खरी असेल. ती मेल मीच लिहिली होती. त्यातलं बसचं सगळं यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं."

शेवंताबाई हातातला पदर तसाच धरून उभ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अन् तुमी मले सांगतलं नाही?"

"काय सांगू?" नरहरीभाऊ म्हणाले.

शेवंताबाई आत गेल्या. भांड्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. मंदाकिनीनं पर्समधून आदेश काढला. नरहरीभाऊंनी चष्मा लावून तो हळूहळू, शेवटच्या सहीपर्यंत वाचला आणि घडी करून परत तिच्याजवळ ठेवला. पुढचं मराठीत बोलले.

"बेस झालं ताई. नाव साफ झालं. आमच्या पोट्टीच्या सासरचे बी पुसत होते, आता त्याहिले सांगतो. तुमचं नुकसान झालं असन याच्यापायी."

"झालं तर झालं. सोमवारी या तुम्ही. डबा मी आणते."

"नाही ताई. मी अर्ज देतो. रिटायर होइस्तोवर गोदामातच राहतो."

"काहून नरहरीभाऊ?" तिच्या तोंडातून त्यांचाच शब्द निघाला. "एवढा राग आहे?"

"राग असता तं साहेबासमोर सांगून टाकलं असतं. राग नाही." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. "तिकडे आलो का दुपारी तुमच्यापाशी जेवाले बसाचं आलं. मी बोलीन, अन् बोलता बोलता मनात येईन का हे बी कुठं कामात तं नाही येनार? तुमी कायी सांगसान, तं वाटन का खरं हाय का नाही, हे कोनाले तरी पुसून घ्यावं." त्यांनी चष्मा परत लावला. "अन् मी पुसू कोनाले ताई? मले तं पुसाले तुमीच होत्या."

 मंदाकिनीचे डोळे भरून आले ते तिनं पुसलेही नाहीत. शेवंताबाईंनी चहा आणला, कप तिच्यासमोर ठेवला आणि बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मंदाकिनीनं तो गरम गरमच पिऊन टाकला. मग उठली, पदर सारखा केला.

"येते," ती म्हणाली.

यावर 'या' म्हणायची आपली रीत आहे. दुश्मनालाही म्हणतात. तिनं दारात वाट पाहिली. नरहरीभाऊंनी हात जोडले. शेवंताबाई कप उचलून आत गेल्या. मंदाकिनी पायरीवर बसून चपलांचे पट्टे लावत राहिली, आणि मागं दार हळूच लागलं.